तीन बोटं समुद्र

आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो, असं आमच्या भाडेकरारात लिहिलेलं आहे. किती दिसतो तेही लिहिलेलं आहे. तीन बोटं.

बोटं मालकांची. दर वर्षी करार नवा करायच्या आधी मालक सकाळी दहाला खोली बघायला यायचे. खिडकीशी उभं राहून हात सरळ पुढे करायचे, एक डोळा मिटायचे आणि समोरच्या दोन उंच इमारतींच्या फटीत जो करडा-निळा तुकडा उरला आहे, त्यावर आपली बोटं उभी धरायचे. बोटं जाड, त्यातल्या दोन बोटांत अंगठ्या. त्यामुळे तीनच मावायची.

"माझ्या बोटांनी मोजतो यात तुमचाच फायदा आहे," ते म्हणायचे. "एखादा हडकुळा मालक मिळाला असता म्हणजे कळलं असतं."

हा विनोद ते दर वर्षी करायचे आणि आम्ही दर वर्षी हसायचो. भाडेकरूचं हसणं भाड्यात धरलेलंच असतं. मागे उभ्या सासूबाई तेवढ्या हसायच्या नाहीत. त्यांच्या मते मालकांचा थाट असा, की समुद्र त्यांच्या आजोबांनीच खणला आणि घागरीने भरला. आजोबांनी केलं होतं ते एवढंच, की या बाजूला कोणी पाय ठेवत नव्हतं तेव्हा खाऱ्या वाऱ्यात चार मजले उभे केले. नातवाने त्या चार मजल्यांसाठी एक वीटही उचलली नव्हती. तो भाडं तेवढं उचलायचा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, कोपऱ्यात ओटा, समोरासमोर एक खिडकी आणि एक दार. खिडकीच्या उजव्या अर्ध्यात यांचं टेबल. हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाकं चिमट्याने बसवायची, तर दिवसाचा उजेड लागतोच. दिव्याखाली यांना ते काम जमत नाही. गिऱ्हाइकं खालच्या रस्त्यावरची, बऱ्याच वर्षांच्या ओळखीची. खिडकीच्या डाव्या अर्ध्यात सासूबाईंची खाट. गुडघे गेल्यापासून त्या जिना उतरलेल्या नाहीत. त्या तीन बोटं समुद्रात कोणतं जहाज कधी दिसतं हे त्यांना पाठ. एखादं जहाज उशिरा आलं तर त्या अस्वस्थ होतात, जणू जेवायला थांबल्या आहेत. ही खोली गेली तर यांचा धंदा जाणार आणि सासूबाईंचं बाहेरचं सगळं जग जाणार. हे मालकांनाही चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असण्याचंही ते भाडं घेत असावेत.

पहिल्या वर्षी आम्ही भिंतीला एक फळी ठोकून घेतली. मालक आले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे वा, फळी." भाडं वाढलं. दुसऱ्या वर्षी गळका नळ आमच्याच खर्चाने बदलला. "नळ नवा दिसतोय." भाडं वाढलं. मालक गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी आंघोळ करून बसलेली दिसले तरी वाढवेल मेला."

तेव्हापासून आम्ही शिकलो. आम्ही म्हणजे सगळी इमारत. मालक यायच्या आदल्या दिवशी घराघरांत उलटी आवराआवर चाले. चांगले पडदे उतरायचे, फाटके चढायचे. लख्ख दिव्याच्या जागी मिणमिणता लागायचा. नव्या गाद्या उचलून गच्चीवर ठेवायच्या. पहिल्या मजल्यावरची शिक्षिका तर आपली भांडी मुद्दाम न घासता ओट्यावर मांडून ठेवायची. वर्षभर जी माणसं एकमेकांच्या स्वच्छतेवर नाकं मुरडत, ती त्या एका दिवसासाठी घाणीत चढाओढ करत.

पण त्याने मालक फसेनात. मग दुसऱ्या मजल्यावरचे पेंटरकाका पुढे आले. ते नाटकांचे पडदे रंगवतात. राजवाडे, जंगलं, तुरुंग, जे म्हणाल ते.

"वहिनी," ते मला म्हणाले, "घाण करून घाण दिसत नाही. ती रंगवावी लागते."

चहाचं उकळून आटवलेलं पाणी, कोळशाची पूड आणि सरस एवढ्यावर त्यांनी आमच्या भिंतीवर अशी ओल उतरवली, की मी हात लावून बघितला. हात कोरडा. पडद्यांचा असतो तसाच हा पाण्यातला रंग. ओल्या फडक्याने पुसला की भिंत होती तशी.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या उशाशी हे काय काढलंस? नुसतं बघून शिंका येतात."

"मावशी, हीच दाद," पेंटरकाका म्हणाले.

मला ते रुचलं नव्हतं. सकाळी जप झाला की मी रोज मनाशी दोन गोष्टी म्हणते. आज खोटं बोलायचं नाही, आणि कडू बोलायचं नाही. हा माझा नेम बरीच वर्षं चालू आहे. दुसऱ्या गोष्टीला कधीकधी फार जड जातं. मी पेंटरकाकांना तसं सांगितलं.

"तुम्ही कशाला बोलताय? भिंत बोलेल," ते म्हणाले.

आणि मी गप्प बसले. आता वाटतं, आमच्या इमारतीत भिंतीला जितकं बोलायला लावलं तितकं आम्ही बोललो असतो, तर बरं झालं असतं. पण तेव्हा शेजारच्या गल्लीत भाडी दीडपट झाली होती आणि आमची होती तिथेच होती. मालक नाकाला रुमाल लावून यायचे, ओल बघायचे, समुद्र मोजायचे आणि पुटपुटत खाली जायचे. अशी तीन वर्षं गेली. आम्ही स्वतःला फार हुशार समजू लागलो. पेंटरकाकांकडे रांग लागायची. "तिच्याकडे दोन डाग काढलेत, मला एकच का?" असंही ऐकलं मी, या कानांनी. डागावरून भांडणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

चौथ्या वर्षी पेंटरकाकांना ओलीचा कंटाळा आला. त्यांना काहीतरी मोठं करायचं होतं. त्यांनी आमची डावी भिंत मागितली आणि सकाळी दहाला येऊन तासभर नुसते तिच्याकडे बघत बसले.

"मालक दहाला येतो ना? दहाला ऊन खिडकीतून. म्हणजे भेगेची खिडकीकडची कड काळी राहणार आणि दाराकडची कड उजळ. खरी भेग अशीच दिसते."

छतापासून खाटेपर्यंत त्यांनी एक भेग काढली. फांद्या फुटलेली, मध्ये रुंद, टोकाला केसासारखी. कडेने प्लास्टर सुटल्याचे कपचे. ती पूर्ण झाल्यावर यांनी ती भिंग लावून बघितली आणि मग नख लावून खात्री केली. सासूबाईंनी खाट वीतभर पुढे ओढायला लावली.

मालक आले. भेगेसमोर उभे राहिले. रुमाल खिशात ठेवला. मग फोन काढून त्यांनी चार-पाच फोटो घेतले, एक अगदी जवळून, एक लांबून, एकात शेजारी सासूबाईंची खाटही येईल असा. त्या वर्षी त्यांनी समुद्र मोजलाच नाही. उलट सासूबाईंना विचारलं, "आजी, तब्येत बरी ना? जपा हो." करार जुन्याच भाड्यावर सही करून दिला आणि शीळ घालत जिना उतरले.

खालच्या मजल्यांवर साखर वाटली गेली. सासूबाईंनी आपली साखर वाटीतच ठेवली.

"भाडं न वाढवता हा माणूस हसला," त्या म्हणाल्या. "सूनबाई, काहीतरी मेलंय."

दोन महिन्यांनी प्रत्येक दारावर नोटीस लागली. इमारत राहण्यास धोकादायक असल्याचा मालकांचा अर्ज पालिकेकडे गेला होता. पालिकेचे इंजिनिअर येऊन बघणार, आणि त्यांनी अर्ज मान्य केला की तीस दिवसांत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. अर्जासोबत फोटो जोडले होते. पहिलाच आमच्या भिंतीचा.

पेंटरकाकांनी नोटीस हातात घेऊन फोटो बराच वेळ न्याहाळला.

"छान आलीय हो," ते म्हणाले.

त्या क्षणी कडू न बोलण्याचा नेम मी कसा पाळला, ते माझं मला माहीत.

मालकांच्या कार्यालयात बावीस मजल्यांच्या नव्या इमारतीचं चित्र आधीच लागलं होतं. कोपऱ्यावरच्या दलालाने ते पाहिलं होतं. "प्रत्येक खोलीतून पूर्ण समुद्र," तो म्हणाला. "बोटंबिटं नाहीत." मग त्याने आम्हालाच दुसऱ्या खोल्या दाखवायला सुरुवात केली. आम्ही बेघर होणार हे कळल्यावर सगळ्यात आधी त्याला आमच्याबद्दल माया वाटू लागली.

हे आणि मी चार दिवस खोल्या बघत फिरलो. एका खोलीत झोपायची जागा ओट्याखाली होती. "गॅस बंद केला की छान ऊब राहते," दलाल म्हणाला. दुसरीकडे खिडकीच नव्हती.

"समुद्र दिसत नाही हे खरं, पण ऐकू येतो. ऐका," तो म्हणाला.

आम्ही ऐकलं. घुर्र घुर्र आवाज येत होता. यांनी घड्याळवाल्याचा कान लावला आणि म्हणाले, "हा पाण्याचा पंप आहे. बेअरिंग गेलंय त्याचं."

"पंप तर पंप. पाणीच ना शेवटी," दलाल म्हणाला.

तिसऱ्या ठिकाणी एका खोलीच्या प्लायवूड घालून दोन केल्या होत्या. प्लायवूड नेमकं खिडकीच्या मधोमध आलेलं. खिडकीचं एक दार या भाडेकरूचं, एक त्या भाडेकरूचं. पलीकडच्याने आपली बाजू उघडली तर अलीकडे वारा यायचा, नाहीतर नाही. आणि या अर्ध्या खिडकीच्या अर्ध्या खोलीचं भाडं आमच्या अख्ख्या खोलीपेक्षा जास्त.

घरी येताना मी यांना म्हटलं, "खिडकी चिरायची म्हणजे काय? उजेड देवाने दिलेला. त्याचे तुकडे करून विकणाऱ्यांना झोप कशी लागते?"

"गादीवर लागते," हे म्हणाले. "चल लवकर, आईचं जहाज यायची वेळ झालीय. ती वाट बघत असेल."

तपासणीच्या आदल्या दिवशी जिन्यात सगळे जमले. मला वाटलं होतं, यात बोलण्यासारखं काही नाही. बादल्या घ्यायच्या, फडकी घ्यायची, सगळ्या भिंती पुसायच्या. मी तसं म्हटलं.

शिक्षिका म्हणाली, "आणि मग? मालकांना चार वर्षांच्या स्वच्छ भिंती दिसतील. ते भाडं किती करतील, विचार केलात?"

"आधी घर तर राहू दे," हे म्हणाले.

"घर राहीलच हो. इंजिनिअर हातोडीने ठोकून बघेल. आतून भिंत ठणठणीत. वरवरच्या भेगा आहेत, असं लिहील आणि जाईल. घरही राहील, भेगाही राहतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या जिन्यात उभ्या असलेल्या एकेका चेहऱ्याकडे बघितलं. तीस दिवसांत रस्त्यावर येणार होतो आणि आम्हाला घरही वाचवायचं होतं आणि भेगही. मालकांना लोभी म्हणून आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली. त्यांच्याजवळ इमारत होती, आमच्याजवळ नव्हती; तेवढाच फरक.

पेंटरकाका म्हणाले, "माझी भेग कोणाला ओळखू येणार नाही. पैज लावा."

"ती ओळखू आली तरच आपण वाचणार आहोत," मी म्हटलं.

"तेही खरं," ते म्हणाले, पण त्यांचं मन दुखावलेलं दिसलं.

वर आल्यावर हे म्हणाले, "उद्या तू गप्प राहशील?"

"विचारलं नाही तर राहीन."

"आणि विचारलं तर?"

"अहो, तुम्हाला माहीत आहे."

हे भिंग पुसत बसले. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "तिला ओट्याशी उभी कर. नळ सोडून ठेव. विचारलेलं ऐकू येणार नाही."

इंजिनिअरबाई सकाळी दहाला यायच्या होत्या. आल्या दुपारी चारला. तरुण, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा, खांद्यावर पिशवी, हातात लहान हातोडी आणि भेग मोजायची पारदर्शक पट्टी. मागे मालक, आज त्यांच्या चेहऱ्यावर शोकसभेला आल्याचा भाव होता. त्यांच्या मागे, दारातच, पेंटरकाका. आपलं काम कोणी बघायला आलं की त्यांना घरात बसवत नाही.

"हे बघा मॅडम," मालक भेगेकडे हात करून म्हणाले. "मला यांची काळजी वाटते हो. या आजी तर अगदी तिच्या खालीच झोपतात."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा काळजी वाटली," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

इंजिनिअरबाईंनी पट्टी काढली, पुढे झाल्या आणि थांबल्या. मान वळवून दाराकडे बघितलं. आमचं दार पश्चिमेला आहे. चार वाजता खोलीभर ऊन तिथूनच येतं. मग त्यांनी पुन्हा भेगेकडे बघितलं.

"ऊन दारातून येतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि भेगेची दाराकडची कड उजळ आहे. उलटं पाहिजे."

मालकांना काही कळलं नव्हतं. ते काळजीचाच चेहरा धरून उभे होते.

"मॅडम, ती सकाळची आहे," पेंटरकाका म्हणाले.

"काय?"

"सकाळच्या उजेडाची. तुम्ही दहाला आला असतात तर बरोबर दिसली असती. आता चारला बघून तुम्ही त्या भेगेला नावं ठेवणार, हे काही योग्य नाही."

शिक्षिकेने जिन्यातून त्यांचा सदरा ओढला. उशीर झाला होता. इंजिनिअरबाई माझ्याकडे वळल्या.

"बाई, ही भेग कधीची?"

नळ मी सोडलेला नव्हता. ओट्यावरचं फडकं ओलं होतं. मी ते पिळलं.

"साडेतीन महिन्यांची," मी म्हटलं. "मालक यायचे होते ना, त्याच्या आदल्या आठवड्यातली."

आणि मी पुसायला सुरुवात केली. आधी टोकाचा केस गेला, मग कपचे, मग मधली रुंद काळी जागा. चहाचं तपकिरी पाणी ओघळून खाटेच्या पायाशी आलं. मागे पेंटरकाकांनी एक श्वास घेतला, जसा कोणी जवळचं गेल्यावर घेतात. पाचेक मिनिटांत भिंत मोकळी झाली, पांढरी, गुळगुळीत, आजोबांनी बांधली तशी. इंजिनिअरबाईंनी हातोडीने तीन-चार ठिकाणी ठोकून बघितलं. आवाज भरीव आला.

"का काढली होती?" त्यांनी विचारलं.

"भाडं वाढू नये म्हणून."

त्यांनी मालकांकडे एकदा बघितलं. मालकांचा शोक विरघळत होता, पण त्याच्या जागी काय आणावं हे अजून ठरलेलं नव्हतं. इंजिनिअरबाईंनी बाकीच्या खोल्या बघितल्या, प्रत्येक ठिकाणी एक ओलं फडकं मागून घेतलं, आणि तासाभरात जिन्यातच कागदावर लिहून दिलं, की इमारत मजबूत आहे, तिला धोका नाही आणि अर्ज फेटाळावा अशी त्यांची शिफारस आहे.

जाताना दुसऱ्या मजल्यावर त्या पेंटरकाकांपाशी थांबल्या. मी वरच्या पायरीवर होते, मला ऐकू आलं.

"बाहेरची कामं घेता का?"

"कसली?"

"ओल. फार नको, स्वयंपाकघरापुरती. आमचे घरमालक रविवारी येतात."

"किती वाजता?"

"संध्याकाळी पाच."

"मग आधी उजेड बघून घ्यावा लागेल," पेंटरकाका म्हणाले. आता उजेडाची वेळ विचारल्याशिवाय त्यांना राहवतच नव्हतं.

मालक मात्र गेले नव्हते. ते आमच्याच खोलीत परत आले होते. मी वर पोचले तेव्हा ते पुसलेल्या भिंतीवरून तळवा फिरवत होते, एखाद्या गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चेहऱ्यावर राग नव्हता. माझी रागाला तोंड द्यायची तयारी होती. राग माणसाला येतो, तेवढं तरी त्यांच्यात असेल असं मला वाटलं होतं.

"भिंत तर सुरेख ठेवलीय तुम्ही," ते म्हणाले. "उगाच झाकून ठेवली इतकी वर्षं."

मग ते खिडकीशी गेले. हात पुढे केला. एक डोळा मिटला.

जुना करार खोट्या भेगेवर झालेला म्हणून त्यांनी रद्द ठरवला; नव्या करारात भाडं जवळजवळ दुप्पट होतं. पसंत नसेल तर खोली सोडावी, घेणारे पुष्कळ आहेत, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं; आणि पालिकेनेच इमारत मजबूत ठरवली आहे तेव्हा यापुढे मजबुतीचेही वेगळे धरावे लागतील, हेही. बाकीच्या मजल्यांवरही तसंच झालं. शिक्षिका महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग तिने बहिणीला आणि बहिणीच्या दोन मुलांना आपल्या खोलीत भाड्याने ठेवलं, आणि तिला कोणाशीच बोलायला वेळ राहिला नाही.

आमच्याकडे भाड्याने ठेवण्यासारखी बहीण नव्हती. हे दोन दिवस टेबलाशी नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी सुतार आला. प्लायवूड कुठून कसं घालायचं, यावर फार बोलावं लागलं नाही, कारण खोलीत खिडकी एकच आणि तिचा मध्यही एकच. उजवी बाजू यांना हवीच, नाहीतर भाडंच निघणार नाही. डावी, खाटेची, समुद्राची, तेवढीच देण्यासारखी होती. मालकांना विचारलं.

"घाला की," ते म्हणाले. "फक्त आता एकाच्या दोन खोल्या झाल्या, ते भाड्याच्या वेळी ध्यानात ठेवू."

सासूबाईंची खाट आम्ही ओट्याशेजारी आणली. तिथून त्यांना प्लायवूड दिसतं. पहिल्या संध्याकाळी जहाजाच्या वेळेला त्यांनी मान वळवली, फळीकडे बघितलं आणि मान पुन्हा सरळ केली. त्यांनी काहीतरी टोचून बोलावं म्हणून मी त्या दिवशी दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसले.

परवा जागा बघायला एक नर्स आली. बाजूच्याच रुग्णालयात कामाला, एकटी, पायात दिवसभर उभं राहून सुजलेले बूट. बूट सुजत नाहीत हे मला कळतं, पण ते तसेच दिसत होते. तिने अर्धी खोली बघितली, अर्धी खिडकी बघितली.

"काकू, भाडं जरा जास्त नाही का? एवढ्याशा जागेला?"

"समुद्र दिसतो," मी म्हटलं.

"कुठे?"

मी खिडकीशी गेले. हात सरळ पुढे केला, एक डोळा मिटला, आणि त्या दोन इमारतींच्या फटीवर माझी बोटं उभी धरली. कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं बघून हात आपोआप तसा गेला.

"किती आहे?" नर्सने विचारलं.

प्लायवूडपलीकडून यांच्या चिमट्याचा आवाज थांबला. तिकडून, ओट्याच्या बाजूने, सासूबाईंचा आवाज आला. किती दिवसांनी त्या बोलल्या.

"सांग, सूनबाई. खरं ते सांग."

माझे हात आधीपासूनच बारीक. उपासांनी आणखी बारीक झालेत. मी पुन्हा एकदा मोजून बघितलं, कारण त्या दिवशीही सकाळी जप झाल्यावर मी रोजच्या दोन गोष्टी मनाशी म्हटल्या होत्या.

"पाच बोटं," मी सांगितलं. आणि त्यात खोटं काही नव्हतं.